वेलचेरीचं टिंक्चर

आमच्या फलटणहून चेन्नईला जाऊन आलेली माणसं महाबलीपुरमच्या लेण्यांबद्दल बोलतात, समुद्राबद्दल बोलतात, देवळांच्या गोपुरांबद्दल बोलतात. मी तिथे तीन आठवडे राहिलो आणि त्यातला एक आठवडा पालथा पडून काढला. त्यामुळे गोपुरं मी फार पाहिली नाहीत. माझ्याकडे सांगण्यासारखी आहेत ती माणसं. त्यातल्या एकाशी मी दुसऱ्याच दिवशी भांडलो होतो. म्हणून हे लिहून ठेवणं मला जास्त गरजेचं वाटतं.

जाण्याचं कारण माझा डावा डोळा. उजवा लहानपणापासून अधू, त्याला माणसं धुक्यातल्यासारखी दिसतात. सगळं आयुष्य डाव्यावर चाललेलं, आणि त्याच्याच पडद्याला मधोमध भोक पडलं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसेनासं झालं. माझी पत्नी शालिनी समोर बसली की तिचे कान दिसायचे, अंबाडा दिसायचा, आणि चेहऱ्याच्या जागी राखेसारखा डाग. पुण्याच्या डॉक्टरांनी चेन्नईचं एक रुग्णालय सुचवलं. माझी भाची मुग्धा तिथेच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "मामा, लॉजचं नाव काढायचं नाही. आमच्याकडेच उतरायचं."

मी चौतीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. डॉक्टर पुढच्या खोलीत रोगी तपासायचे आणि मी आतल्या खोलीत औषध बनवायचो. मिक्श्चर, पुड्या, मलम, टिंक्चर. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. तोवर सगळीकडे तयार गोळ्या आल्या होत्या आणि माझ्या हातातलं कसब कोणाला नको होतं. मी घरी बसलो. त्यात डोळा गेला. चेन्नईच्या गाडीत बसताना मी काही फार आनंदी माणूस नव्हतो.

वेलचेरी

मुग्धाचं घर वेलचेरीत तिसऱ्या मजल्यावर. आजूबाजूला सगळ्या तशाच इमारती, सगळ्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले ऑफिसचे शर्ट. थोड्या अंतरावरून नव्याने सुरू झालेली रेल्वे उंच खांबांवरून जायची. खाली तळमजल्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक मळकट रेघ होती. "मागच्या पावसात पाणी इथवर आलं होतं," मुग्धा सहज म्हणाली, जणू घरी कोणी पाहुणे येऊन गेले.

दारात तिचे यजमान राघवेंद्रराव, घरातले राघवराव, उभे होते. लग्नानंतर त्यांच्याशी माझा निवांत सहवास हा पहिलाच. ते केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला, घराणं तंजावरकडचं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली मराठी मंडळी.

"या मामा, बैसा," ते म्हणाले. "प्रवास बरा जाला की?"

शालिनी माझ्या कानात पुटपुटली, "हे पोथीसारखं बोलतात हो." आणि खरंच, शब्द जुने, चाल तमिळ, आणि मधूनच एखादं इंग्रजी वाक्य. आपण 'मी सांगितलं' म्हणतो, ते 'मी सांगितलों' म्हणायचे. पहिले दोन दिवस मला हसू यायचं. नंतर मीच एकदा 'मी कॉफी घेतलों' म्हणालो.

सकाळी इडली आणि पितळी वाटीतली कॉफी. आमच्याकडे चहाशिवाय सकाळ होत नाही, पण त्या कॉफीच्या वासाने माझी तक्रार तोंडातच राहिली. मुग्धा सिरुसेरीला जाणारी कंपनीची बस पकडायला लवकर बाहेर पडायची. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर शालिनी पोळ्यांना लागली, राघवराव आंघोळीला गेले, आणि मी खडीसाखर शोधत बाहेरच्या खोलीतलं एक कपाट उघडलं.

आत तपकिरी काचेच्या बाटल्यांची रांग. थेंबा-थेंबाने ओतायची बुचं, काचेचं मापाचं नळकांडं, नरसाळं, प्रत्येक बाटलीवर चिकटवलेली पट्टी. माझ्या काळजात लख्ख झालं. मला वाटलं, घरात कोणी औषधं बनवतंय! मी एक बाटली उघडून हुंगली. संत्र्याची साल, अल्कोहोलमध्ये भिजवलेली. दुसरीत लवंग. मग मागची मोठी बाटली उघडली, आणि ती व्हिस्की निघाली.

राघवराव डोकं पुसत बाहेर आले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तो माझा छंद, मामा. कॉकटेल. शनिवारीं आमी तिघं मित्र मिळून नवीन कायतरी करून बघतों."

"दारूचा छंद?"

ते काही बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. "चौतीस वर्षं मी दारुड्यांच्या बायकांच्या जखमांना मलम करून दिलंय. पाण्याने फुगलेली पोटं बघितलीत. आणि तुम्ही त्या विषाला मापाची भांडी लावता, वर त्याला छंद म्हणता?" बरंच काही बोललो. आवाज चढला असणार, कारण पोळपाट वाजायचा थांबला.

राघवरावांनी बाटलीचं बूच लावलं, कपाट बंद केलं. म्हणाले, "तुमी आहांत तोंवर शनिवारचं बंद ठेवतों, मामा." आणि ऑफिसला निघून गेले.

मी शालिनीला म्हणालो, आपण रुग्णालयाजवळ लॉज बघू. ती म्हणाली, "परवा ऑपरेशन आहे. भाषा येत नसलेल्या गावात मी तुम्हाला घेऊन कुठे हिंडू? आणि त्या मुलाने तुम्हाला एक तरी उलट शब्द दिला का?"

दिला नव्हता. तेच मला जास्त टोचत होतं.

पालथा आठवडा

ऑपरेशन तासाभरात झालं. त्रास त्यानंतरचा. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असतो. बुडबुडा नेहमी वर जातो, म्हणून माणसाने तोंड जमिनीकडे ठेवायचं, तरच तो मागच्या पडद्यावर दाबून बसतो आणि भोक मिटतं. जेवताना, चालताना, झोपताना, सात दिवस मान खाली. तासातून दहा मिनिटांची सूट. डॉक्टरीणबाई फार गोड बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "अर्धं काम मी केलंय, अर्धं तुमची मान करणार."

घरी उशांची चळत रचून मी पालथा पडलो. पहिले काही तास ठीक गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मानेत खिळे ठोकल्यासारखं होऊ लागलं, नाक उशीत घुसमटायचं, खांदे सुन्न. मी उठून बसलो आणि शालिनीला म्हणालो, "राहू दे. नाही दिसलं तर नाही दिसलं. मला जमत नाही." ती रडतेय हे मला नाक ओढण्यावरून कळलं. मी पुन्हा पालथा झालो, पण माझा धीर सुटला होता.

राघवराव त्या दिवशी लवकर घरी आले. थोड्या वेळाने माझ्या नजरेच्या टप्प्यात, म्हणजे फरशीवर, दोन अनोळखी पावलं आली. रुंद, काळी, अंगठ्याचं नख तुटलेलं. त्यांच्याबरोबर कारखान्यातल्या मशीनच्या तेलाचा वास आला.

"सर, मी थॉमस," एक घनगंभीर आवाज इंग्रजीत म्हणाला. "हलू नका. मला माप घ्यायचंय."

त्यांनी टेपने माझ्या कपाळापासून छातीपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, खुर्चीपासून हनुवटीपर्यंत मापं घेतली. आकडे राघवराव लिहून घेत होते. पाच मिनिटांत पावलं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पावलं परत आली, बरोबर लोखंडी नळ्यांची एक घोडी. खाली चार पाय, छातीला टेकू, आणि वर चेहऱ्याएवढं गोल कडं. त्या कड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तिच्यावर मऊ सुती खोळ शिवलेली. मी खुर्चीवर बसून पुढे वाकलो आणि कड्यात चेहरा ठेवला. कपाळ टेकलं, गाल टेकले, नाक मोकळं. मान दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाली. माझ्या तोंडून 'आई गं' असा आवाज निघाला, तो ऐकून घाबरलेल्या थॉमसांनी विचारलं, "लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. "लागायचं थांबलं."

मग कळलं की थॉमसांचं गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट आहे. माझी घोडी बनवण्यासाठी त्यांनी आदल्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. खोळ वसंती नावाच्या बाईंनी शिवली होती, त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात.

"हे दोघे तुमचे कोण?" मी राघवरावांना मराठीत विचारलं.

"मित्र, मामा."

"शनिवारचे?"

"होय."

माझा चेहरा कड्यात होता, म्हणून तो कोणाला दिसला नाही याचं मला बरं वाटलं. मी म्हणालो, "आज शनिवारच आहे. त्यांना सांगा, संध्याकाळी नेहमीसारखं या म्हणावं."

शनिवार

ते आले, पण नुसते गप्पा मारत बसले. ग्लास नाही, बाटली नाही. मी घोडीवर ओणवा, समोर फरशीचे ठिपके. शेवटी मीच म्हणालो, "करा की तुमचं काय ते. मी बघतोय कुठे?"

आधी राघवराव हसले, मग त्यांनी तमिळमध्ये सांगितल्यावर बाकीचे दोघे. आणि कपाट उघडलं गेलं.

पुढचे दोन तास मी जे ऐकलं, काही इंग्रजीत, काही राघवरावांच्या भाषांतरातून, त्याने मला माझी आतली खोली आठवली. ही मंडळी पीत होती म्हणण्यापेक्षा मोजत होती. एकच पेय त्यांनी चार वेळा बनवलं. दर वेळी लिंबाचा रस चमचाभर कमी-जास्त, आणि प्रत्येक वेळचं माप वहीत. दर वेळी तिघांना एक-एक घोट. साखरेचा पाक एकास एक असावा की दोनास एक, यावर वाद पेटला तो संपेचना. वसंतीबाईंनी बर्फ घरून आणला होता. पाणी दोनदा उकळून, संथ गोठवून. तो काचेसारखा स्वच्छ व्हावा म्हणून त्या चार महिने खपत होत्या. हलवायचं झाकणाचं भांडं थॉमसांनी स्वतःच्या लेथवर कातलं होतं. ते भांडं हलवताना ते कान देऊन ऐकायचे. बर्फाचा आवाज खळखळ सोडून खसखस झाला की थांबायचे. "अजून दोन," वसंतीबाई म्हणायच्या. "नाही, झालं," थॉमस म्हणायचे. आवाजावरून माझी खात्री झाली की थॉमस म्हणजे चांगले सहा फुटी, पैलवानी गृहस्थ असणार.

मग गाडी एका जुन्या पेयावर आली. साखर, व्हिस्की, बर्फ आणि काही थेंब 'बिटर्स'. हे बिटर्स म्हणजे कडू, सुवासिक अर्क. तो इथल्या दुकानांत मिळेना. परदेशातून कोणी आणलेली एक छोटी बाटली कधीच संपली होती. तिघं वर्षभर घरी बनवायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी गढूळ काढा तयार व्हायचा.

"त्यात मूळ काय असतं तेच धड कळत नाही," वसंतीबाई म्हणाल्या. "इंटरनेटवर जेन्शियन नावाचं एक मूळ लिहिलंय, ते मिळत नाही."

मी फरशीकडे बघत म्हणालो, "टिंक्चर जेन्शियन कंपाउंड."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"आठ भाग मूळ, तीन भाग संत्र्याची वाळलेली साल, एक भाग वेलदोडा," मी पुढे सांगितलं. "भूक लागत नसेल तर जेवणाआधी द्यायचो. मूळ मिळालं नाही की आमचे डॉक्टर किराईत वापरायला सांगत. तुम्ही केलंय ते आणा बघू माझ्या नाकाखाली."

कड्याखाली एक बाटली आली. हुंगली. "हे शिजवलंत तुम्ही."

"कसं कळलं?" थॉमसांचा आवाज.

"सालीचा वरचा वास उडून गेलाय, खालचा उरलाय. आणि मसाला मिक्सरमध्ये वाटलात. पीठ केलं की ते कधी निवळत नाही. जाड भरड करायची, थंडच भिजवायची, सात दिवस रोज हलवायची. शिजवायचं नाही."

राघवराव भाषांतर करता करता थांबले. "मामा," ते म्हणाले, "हे सगळं तुमच्या डोक्यांत होतं, आणि मी तुमाला कपाट उघडूनसुद्धां दाखवलों नाहीं!"

तिसरा ग्लास

पण माझ्या मनाची टोचणी गेली नव्हती. रविवारी सकाळी राघवराव माझ्यासमोर जमिनीवरच येऊन बसले, म्हणजे निदान त्यांचे गुडघे मला दिसत होते. मी विचारलं, "मी तुम्हाला अर्क शिकवला आणि त्याने कोणी बिघडला तर?"

"आमी दोन ग्लासांच्या पलीकडे जात नाहीं. तिसऱ्याची चवच जिभेला कळत नाहीं. मग करायचं कशाला? आणि थॉमस कोणाला गाडी चालवून जाऊं देत नाहीं." मग ते म्हणाले, "थॉमसचे वडील पिऊनच गेले, मामा. तो लहान होता तेव्हां. तो म्हणतो, अप्पांनी कधी चव घेतली नाहीं, नुसतं गिळलं. म्हणून मी मोजतों."

मला ते सगळं पटलं असं नाही. आजही मी दारूला हात लावत नाही आणि कोणी विचारलं तर लावू नका असंच सांगेन. पण ज्याचा बाप तसा गेला तो माणूस मोजतो म्हणतो, त्याला मी काय शिकवणार होतो? मी म्हणालो, "खलबत्ता आहे का घरात?"

दुपारी वसंतीबाई देशी औषधांच्या दुकानातून पुड्या घेऊन आल्या. एक एक पुडी कड्याखाली आली. वेलदोडा चांगला होता. दालचिनी जाड, फिकी, परत पाठवली. मग एक वाळकी काडी जिभेवर ठेवली आणि डोळ्यांत पाणी आलं. "निलवेंबू," त्या म्हणाल्या. "ओलेकिराईत!" मी म्हणालो. लहानपणी तापात आजी याचाच काढा नाक दाबून पाजायची. राघवरावांनी कुटायला घेतलं. मी आवाजावरून 'बस' म्हणायचो. भरड वोडकात बुडाली, प्रत्येक जिन्नस वेगळ्या बाटलीत, आणि बाटल्या माझ्या खुर्चीखाली ओळीने ठेवल्या गेल्या. रोज सकाळ-संध्याकाळ त्या हलवायचं काम माझं. मान वर करायची नव्हती, हात तर मोकळे होते.

त्या आठवड्याचे उरलेले दिवस मला मोजावे लागले नाहीत. थॉमस कामाच्या वेळात फोन करून विचारायचे, "रंग कसा आहे?" मी सांगायचो, "मला काय दिसतंय? शालिनीला विचारतो." शालिनी उजेडात बाटली धरून म्हणायची, "काळ्या चहासारखा." हे फलटणच्या बाईचं वाक्य तमिळ शिक्षिकेच्या वहीत इंग्रजीत लिहिलं जायचं.

उभा राहिलो तेव्हा

सात दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मान वर करायला परवानगी दिली. बुडबुडा अजून डोळ्यात होता. त्याची कड गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी आडवी डुचमळायची. तिच्या खाली सगळं पाण्यातलं, वर मात्र दिसायला लागलं होतं, अंधुक, पण मधलं भोक नसलेलं. मी सगळ्यात आधी शालिनीकडे पाहिलं. कपाळ, कुंकू, भुवया. "काय बघताय?" ती म्हणाली. तिचं नाक बुडबुड्यात हललं आणि मला हसू आलं, तिला रडू.

रविवारी अर्क गाळायचा होता. दार वाजलं आणि एक किडकिडीत, पाच फुटी, चष्मा लावलेले गृहस्थ आत आले. मी त्यांच्या मागे बघत राहिलो. मग ते गृहस्थ पैलवानी आवाजात म्हणाले, "सर! उभे राहिलात!"

मी त्यांच्या पावलांकडे पाहिलं. रुंद, अंगठ्याचं नख तुटलेलं. तेच. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि मला एकही इंग्रजी शब्द आठवेना. मराठीतच म्हणालो, "थॉमसराव, तुमच्यामुळे माझी मान टिकली." त्यांना कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी माझ्या मानेवर मागून हात ठेवून दाबून बघितलं, एखादा वेल्डिंगचा जोड तपासावा तसं.

गाळायला कागद नव्हता. वसंतीबाईंनी स्वयंपाकघरातला कॉफीचा फिल्टर उचलला. अर्क छान गाळला गेला. मात्र पुढचे दोन दिवस त्या घरातली कॉफी अशी कडू झाली की मुग्धाने मोबाइलवर सिरुसेरीहून फोन करून नवऱ्याला सांगितलं, एक तर नवा फिल्टर आणा नाही तर मी आईकडे जाते.

आणि अर्क? फसला. निलवेंबू जेन्शियनच्या कितीतरी पट कडू. माझं आठ-तीन-एक त्याला लागू नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. थॉमसांनी घोट घेतला आणि पाण्याचा तांब्या ओढला. मी खजील झालो. म्हटलं, म्हाताऱ्याने उगाच शहाणपणा केला. पण वसंतीबाईंचा चेहरा उजळला होता. "वास बघा!" त्या म्हणत होत्या. "वर्षभरात असा वास आला नव्हता. आता फक्त प्रमाण बघायचं." त्या तिघांना फसण्याचं दुःखच नव्हतं. वहीत पान उलटलं, वर आकडा टाकला, 'दुसरा प्रयोग'.

मैलापूर आणि समुद्र

दुसऱ्या प्रयोगाचं सामान आणायला त्याच संध्याकाळी वसंतीबाई मला आणि शालिनीला मैलापूरला घेऊन गेल्या. देवळाच्या तळ्यापासून जवळच देशी औषधांचं दुकान. पायरी चढलो आणि पाऊल अडलं. वाळा, सुंठ, ज्येष्ठमध, ओवा, कापूर, सगळ्यांचा मिळून एक वास. माझी आतली खोली, जशीच्या तशी. दुकानदाराची नि माझी भाषा वेगळी, पण तो एक एक डबा उघडून धरायचा आणि मी नाव सांगायचो, तो तमिळ नाव सांगायचा. बाहेर रांग लागली तरी त्याने मला घाई केली नाही. तिथेच मी वाळा घेतला. संत्र्याच्या सालीऐवजी वसंतीबाईंनी नार्तंगाय सुचवलं. ते हुंगलं तर आपलं महाळुंग. तिकडे त्याचं लोणचं घरोघरी, आमच्याकडे ते आता कोणाच्या परसातही दिसत नाही.

सकाळी राघवराव आम्हाला बेसंतनगरच्या किनाऱ्यावर न्यायचे. समुद्राची रेघ आणि माझ्या डोळ्यातल्या बुडबुड्याची रेघ, दोन्ही एकाखाली एक. रोज खालची आणखी खाली सरकायची. मी त्यावरून दिवस सांगायचो. शालिनी वाळूत पाय रोवून उभी राहायची. एकदा ती म्हणाली, "बरं झालं आपण लॉजवर नाही गेलो." मी 'हो' म्हणालो. राघवरावांची माफी मागायची राहून गेली होती, ती मी तिथेच मागितली. ते गोंधळले, चपलेतली वाळू झटकत राहिले. "मामा, तुमी आमच्या घरचे. रागावलांत तर काय जालं?"

शेवटचा रविवार

आदल्या दिवशी शेवटची तपासणी झाली. भोक मिटलं होतं. बुडबुडा विरला होता. तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी मी वाचल्या, पाचवी अडखळत. "मान चांगली चालली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना घोडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि दुसऱ्या रुग्णांसाठी वापरता येईल का असं विचारलं. थॉमसांनी ती तिथे पोहोचवायचं फोनवर लगेच कबूल केलं.

रविवारी दुसरा अर्क नव्या फिल्टरमधून गाळला. निलवेंबू निम्म्याहून कमी, महाळुंगाची साल ताजी, वेलदोडा, वाळा. राघवरावांनी आपल्यासाठी तीन ग्लास केले, व्हिस्कीचे. चौथा त्यांनी वेगळा बनवला. लिंबू, नन्नारीचं, म्हणजे आपल्या उपळसरीचं सरबत, सोडा आणि वसंतीबाईंच्या बर्फाचा एक चौकोन, ज्यातून टेबलाची लाकडी रेघ सरळ दिसत होती. तो माझा. त्यात थेंब घालण्याआधी त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतंच, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"औषधाच्या मापाने," मी म्हणालो. "पाच."

त्यांनी पाच मोजले. मोठ्याने मोजले.

मी घोट घेतला. आधी लिंबू, मग नन्नारीची मातकट गोडी, आणि ती संपते न संपते तोच कडवट, थंड, स्वच्छ वास नाकात वर चढला. महाळुंग पुढे, वाळा मागे. थॉमसांनी ग्लास खाली ठेवला आणि वसंतीबाईंकडे बघून मान हलवली. मुग्धा आणि शालिनी माझ्याच ग्लासातून आळीपाळीने घोट घेत होत्या. शालिनी म्हणाली, "डॉक्टरांच्या मिक्श्चरचा वास येतो, पण हे पुन्हा प्यावंसं वाटतं."

या लोकांना माझ्याकडून काही मिळवायचं नव्हतं. मी त्यांच्या घरात येऊन त्यांच्या आवडीवर थुंकलो होतो. त्यावर त्यांनी माझी मान मोजली, मला टेकू दिला, आणि मग माझ्या डोक्यात पडून गंजलेलं जे काही होतं ते इतक्या आदराने बाहेर काढलं की मला ते पुन्हा माझं वाटू लागलं. डोळ्याचे आभार मी डॉक्टरीणबाईंचे मानले. बाकीच्याचे कसे मानायचे ते मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून हे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी होती. रविवारची ती बैठक मोडण्याआधी राघवरावांनी वही माझ्यापुढे ठेवली. "मामा, तुमच्या हातानं लिहा. मराठींतच."

मी पेन घेतलं. कित्येक महिन्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. ओळ जरा वर चढत गेली, मधली अक्षरं बारीक दिसत होती, पण दिसत होती, एकही गायब नव्हतं. ओलेकिराईत जाड कुटून तीन भाग. महाळुंगाची साल, पांढरा भाग काढून, चार भाग. वेलदोडा एक. वाळा चिमूटभर. शिजवू नये. सात दिवस रोज हलवावे.

पेन खाली ठेवलं, तशा वसंतीबाई म्हणाल्या, "सर, सही."

"सही कशाला?"

"कृती कोणाची ते कळायला नको?"

चौतीस वर्षांत मी किती बाटल्या भरल्या त्याची गणती नाही. प्रत्येक चिठ्ठीखाली सही डॉक्टरांची असायची, आणि ते बरोबरच होतं. कंपाउंडरने सही करायची नसते. मला ती कशी करावी हेही क्षणभर कळेना. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. आणि त्याखाली, कोणी सांगितलं नव्हतं तरी, 'कंपाउंडर, फलटण' असंही लिहिलं.

थॉमसांनी वही उचलली आणि शाई वाळेपर्यंत तिच्यावर हळूहळू फुंकर घालत राहिले.